लंडनला कुटुंबासह जाताय? परवडणारी जागा अशी शोधा

बेळगावहून पंढरपूरला, गोकर्णला किंवा सौंदत्तीला जायचं म्हटलं की एक खोली घ्यायची, वर दोन गाद्या मागवायच्या आणि सहा जणांनी रात्र काढायची, ही आपली पद्धत. लंडनमध्ये ती चालत नाही, आणि बजेट कोसळतं ते बहुतेक वेळा इथेच. तिथे एका खोलीत किती माणसं राहणार, मुलांची वयं काय, हे बुकिंगमध्येच नोंदवलेलं असतं. आगीच्या नियमांमुळे हॉटेलवाला ती संख्या ओलांडू देत नाही. काउंटरवर "लहान आहे हो, आमच्याजवळच झोपेल" असं म्हटलं तर तो दुसरी खोली घ्यायला सांगतो, तीही त्या दिवसाच्या दराने, म्हणजे सगळ्यात महागात.

म्हणून रात्रीचा दर बघण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून काढा: माणसं किती आणि कोणत्या वयाची, जायचं कोणत्या आठवड्यात, आणि विमान कोणत्या विमानतळावर उतरणार. या तिन्हीची उत्तरं पक्की असली की निम्म्या जागा आपोआप गळून पडतात.

आधी डोकी मोजा

लंडनच्या हॉटेलांत सोळा वर्षं ही मोठी रेघ आहे. प्रीमियर इन या साखळीची फॅमिली रूम दोन मोठी माणसं आणि पंधरा वर्षांपर्यंतची दोन मुलं, एवढ्यांसाठी असते. ट्रॅव्हलॉज या दुसऱ्या साखळीचा हिशेबही साधारण तसाच. मुलगा दहावीची परीक्षा देऊन सोळा पूर्ण झाला असेल तर तो मोठा माणूस, आणि तुमचं कुटुंब त्या खोलीत बसत नाही. वय धरायचं ते बुकिंगच्या दिवशीचं नव्हे, मुक्कामाच्या तारखेचं. बुकिंग साइटवर शोधताना "दोन मोठे" एवढंच टाकून स्वस्त दर बघायचा आणि मुलं नंतर जोडायची, हा वेळेचा अपव्यय आहे, कारण मुलं जोडली की यादीच बदलते.

खोलीचं नावही नीट वाचा. डबल म्हणजे दोघांचा एक पलंग, ट्विन म्हणजे दोन सुटे पलंग. फॅमिली रूममध्ये मुलांसाठी बहुतेक सोफा-कम-बेड किंवा ओढून काढायची खाट असते. पाच वर्षांच्या पोराला ती चालते, पण पावणेसहा फुटी चौदा वर्षांच्या मुलाचे पाय बाहेर येतात.

आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना वेगळी ट्विन खोली धराच. एकाच मजल्यावर शेजारी-शेजारी खोल्या साइटवरून मिळत नाहीत. बुकिंग झाल्यावर हॉटेलला इमेल करायची: बुकिंग क्रमांक दोन्ही खोल्यांचे द्या, एकाच कुटुंबाच्या आहेत असं लिहा, ज्येष्ठांना लिफ्टजवळची खोली आणि बाथटबऐवजी सपाट जमिनीवरचा शॉवर मागा. बाथटबची कड ओलांडून आत जायचं म्हणजे गुडघेदुखीच्या माणसाला रोजची परीक्षा. हॉटेल याची हमी देत नाही, पण आठवडाभर आधी विचारलं तर बहुतेक वेळा जमवतं.

तारखा: आपल्या सुट्ट्या तिथल्या सुट्ट्यांशी ताडून बघा

याबाबतीत बेळगावकर नशीबवान. कर्नाटक बोर्डाच्या शाळांना साधारण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मेअखेरपर्यंत सुट्टी असते. इंग्लंडच्या शाळांना ईस्टरच्या आगेमागे दोन आठवडे सुट्टी असते, आणि मग मेच्या शेवटच्या सोमवारचा आठवडा. या दोन सुट्ट्यांमधला काळ, म्हणजे ईस्टरची सुट्टी संपल्यापासून २० मेच्या आसपासपर्यंत, दर त्यातल्या त्यात बरे असतात. ईस्टरची तारीख दरवर्षी हलते: २०२६ मध्ये ५ एप्रिल, २०२७ मध्ये २८ मार्च. मेचा पहिला सोमवारही तिथे सुट्टीचा, त्याला जोडून येणारा शनिवार-रविवार टाळा. एप्रिलअखेरच्या एका रविवारी लंडन मॅरेथॉन असते, तेव्हा ग्रीनिच आणि पूर्वेकडचा भाग महागतो.

चंदगड किंवा गडहिंग्लजची भावंडं बरोबर येणार असतील तर पेच पडतो. त्यांची शाळा महाराष्ट्र बोर्डाची, सुट्टी मेमध्ये लागते आणि जूनच्या मध्यापर्यंत चालते. दोन्हीकडच्या मुलांना सोयीचे असे मेचे पहिले तीन आठवडेच उरतात. तारीख तिथेच ठोका.

दसऱ्याच्या सुट्टीत जायचं असेल तर ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा चांगला. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तिथल्या शाळांची सुट्टी असते, आणि दिवाळीही बहुधा त्याच सुमारास येते. जुलै-ऑगस्ट सगळ्यात महाग. त्यात जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत विम्बल्डन असलं की नैर्ऋत्येकडचे दर आणखी वर.

आठवड्याच्या वारांतही फरक असतो, तो फार कमी लोक बघतात. सिटी म्हणजे बँक आणि मूरगेट स्टेशनांचा भाग, तसंच कॅनरी वॉर्फ, हे ऑफिसवाल्यांचे भाग. तिथली हॉटेलं सोमवार ते गुरुवार भरतात आणि शुक्रवार ते रविवार दर उतरवतात. पर्यटकांच्या भागात उलट: शुक्रवार-शनिवार महाग, रविवारची रात्र स्वस्त. सात रात्री असतील तर शुक्र-शनि-रवि सिटीत आणि उरलेल्या रात्री दुसरीकडे, अशी विभागणी कधीकधी चांगली पडते. मात्र सामानासह हॉटेल बदलण्यात अर्धा दिवस जातो. आजी-आजोबा आणि तान्ही मुलं असतील तर हा खटाटोप करू नका.

भाग निवडायचा तो नकाशावर नव्हे, लाइनवर

लंडनचं वाहतूक जाळं झोनमध्ये वाटलेलं आहे. मध्यभाग झोन १, तिथून बाहेर वाढत जातं. हीथ्रो विमानतळ झोन ६ मध्ये. "बाहेर राहिलं की स्वस्त" हे अर्धसत्य आहे, कारण दर कमी झाला तरी रोजचं भाडं आणि वेळ वाढतो.

हिशेब करून बघू. २०२५ च्या दरांनुसार झोन १-२ मध्ये कितीही फिरलात तरी एका मोठ्या माणसाला दिवसाला जास्तीत जास्त ८.९० पौंड लागत, झोन १-४ मध्ये १२.८० पौंड. फरक ३.९० पौंड. दोन मोठी माणसं, एक तेरा वर्षांचं मूल आणि एक नऊ वर्षांचं, असं कुटुंब धरा. दोघा मोठ्यांचे ७.८०, तेरा वर्षांच्याचे साधारण अर्धे, नऊ वर्षांच्याला काहीच नाही. म्हणजे दिवसाला दहा पौंडांच्या आत-बाहेर. झोन ४ मधली खोली झोन २ मधल्या खोलीपेक्षा रात्रीला दहाच पौंडांनी स्वस्त असेल तर तुम्ही वाचवलं शून्य, आणि रोजचा तास-सव्वा तास गाडीत घालवला. आमच्या मते रात्रीला निदान पंचवीस-तीस पौंडांचा फरक असल्याशिवाय झोन ३ च्या पलीकडे जाऊ नये.

मुलांच्या भाड्याचं हे नीट लक्षात ठेवा, इथे बरेच पैसे वाचतात. अकरा वर्षांखालची मुलं बसमध्ये फुकट, आणि ट्यूब (भुयारी रेल्वे), डीएलआर (पूर्वेकडची हलकी रेल्वे), ओव्हरग्राउंड आणि एलिझाबेथ लाइन या शहरातल्या गाड्यांत तिकीटवाल्या मोठ्या माणसाबरोबर चार मुलांपर्यंत फुकट. त्यांना कार्ड लागत नाही. रुंद फाटकातून स्वतःबरोबर न्यायचं. अकरा ते पंधरा वयाच्या मुलांसाठी ऑयस्टर कार्ड (आधी पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड) घ्यायचं आणि स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडून त्यावर "यंग व्हिजिटर" सवलत चढवून घ्यायची. मूल समोर हवं, पासपोर्ट दाखवायची तयारी ठेवा. चौदा दिवसांपर्यंत निम्म्या दराने प्रवास होतो. ही सवलत आपोआप लागत नाही, मागावी लागते. मोठ्या माणसांनी प्रत्येकी एक टॅप करायचं बँकेचं कार्ड वापरायचं आणि दिवसभर तेच. सकाळी कार्ड आणि दुपारी त्याच कार्डाचा मोबाइल असं केलं तर यंत्र दोन वेगळी माणसं समजतं, आणि कमाल मर्यादेचा फायदा जातो.

आता भाग. हीथ्रोला उतरणार असाल तर पिकॅडिली लाइन ही गरिबाची गाडी. हळू जाते, पण एलिझाबेथ लाइनपेक्षा निम्म्याहून कमी पैशांत मध्यभागात नेते. या लाइनवर अर्ल्स कोर्ट हा मध्यम दराच्या राहण्याचा जुना अड्डा: विमानतळावरून गाडी न बदलता पोहोचता आणि स्टेशनला लिफ्ट आहे. हॅमरस्मिथ आणि अॅक्टन टाउन त्याच लाइनवर, आणखी थोडे उतरते. पॅडिंग्टनजवळ ससेक्स गार्डन्स या रस्त्यावर लहान हॉटेलांची रांगच आहे, दर्जा मात्र दाराला दार बदलतो. ब्लूम्सबरी, यूस्टन, किंग्ज क्रॉस हा पट्टा झोन १ मध्ये असूनही पश्चिमेकडच्या श्रीमंत भागापेक्षा दरात बरा. ब्रिटिश म्युझियम चालत, आणि यूस्टनच्या मागे ड्रमंड स्ट्रीटवर भारतीय दुकानं.

पूर्वेला स्ट्रॅटफर्ड चांगलं निघतं. सेंट्रल, ज्युबिली, डीएलआर, ओव्हरग्राउंड आणि एलिझाबेथ अशा पाच गाड्या तिथे मिळतात, त्यामुळे एखादी लाइन बंद पडली तरी तुम्ही अडकत नाही. लंडनमध्ये शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी लाइन बंद ठेवणं ही नेहमीची गोष्ट आहे, म्हणून एकाच लाइनवर अवलंबून असलेलं स्वस्त हॉटेल घेण्याआधी विचार करा. एलिझाबेथ लाइनच्या सगळ्या स्थानकांत पायऱ्यांशिवाय फलाटापर्यंत जाता येतं. म्हाताऱ्या माणसांबरोबर ही लाइन सोन्यासारखी.

वेम्बली शाकाहारी कुटुंबांना सोयीचं. ईलिंग रोडवर गुजराती किराणा, भाजी, फरसाण सगळं मिळतं, आणि नीसडनच्या स्वामिनारायण मंदिराचं शाकाहारी उपाहारगृहही फार लांब नाही. वेम्बली पार्क स्टेशनवरून मेट्रोपॉलिटन लाइनने बेकर स्ट्रीट पंधरा मिनिटांच्या आत. पण बुक करण्याआधी स्टेडियमचं वेळापत्रक उघडा. सामना किंवा मोठी मैफल असलेल्या रात्री दर कैक पटींनी चढतात आणि स्टेशनवर मुलाचा हात सोडायची सोय राहत नाही. साउथॉल आणि हाउन्सलो स्वस्त आणि आपल्या लोकांनी भरलेले, पण रोज मध्यभागात जायला लांब पडतात. परतीच्या आदल्या रात्री मात्र उत्तम.

गॅटविक विमानतळावर उतरणार असाल तर चित्र बदलतं. तिथून थेम्सलिंकची गाडी लंडन ब्रिज, ब्लॅकफ्रायर्स, सेंट पँक्रासला जाते आणि सदर्नची व्हिक्टोरियाला, वाटेत ईस्ट क्रॉयडन. क्रॉयडन झोन ५ मध्ये असलं तरी ईस्ट क्रॉयडनहून मध्यभाग पंधरा-वीस मिनिटांत गाठता येतो. लांबच्या झोनला जाऊ नये म्हणतो त्याला हा एक अपवाद. गॅटविक एक्सप्रेसच्या नादी लागू नका, साधी गाडी थोडीच उशिरा पोहोचते.

भाग कुठलाही असो, स्टेशन ते दार हे अंतर सहाशे मीटरच्या आत ठेवा. हॉटेलवाला "पाच मिनिटं" म्हणतो ती मोकळ्या हातांची. तेवीस किलोच्या चार बॅगा, पाऊस आणि झोप न झालेलं पोर घेऊन तीच वाट पंधरा मिनिटांची होते.

कोणत्या प्रकारची जागा

चौघांच्या कुटुंबाला साखळी हॉटेलची फॅमिली रूम हा सगळ्यात बिनघोर मार्ग. खोल्या एकसारख्या, लिफ्ट असते, चहाची किटली असते. प्रीमियर इनच्या खोल्या मोठ्या बुकिंग साइटवर सहसा दिसत नाहीत, त्यांच्याच साइटवर शोधाव्या लागतात. तिथे एकाच खोलीचे वेगवेगळे दर दिसतात: स्वस्त दर रद्द करता न येणारा, महाग दर शेवटपर्यंत रद्द करता येणारा. नाश्त्याचा हिशेब मुलांवाल्यांनी जरूर करावा. पूर्ण नाश्ता घेणाऱ्या एका मोठ्या माणसामागे सोळाखालच्या दोन मुलांना नाश्ता फुकट. म्हणजे आई किंवा बाबा एकानेच नाश्ता घेतला तरी दोन्ही मुलं पोटभर खातात, आणि दुपारचं जेवण उशिरावर ढकलता येतं. त्याच साखळीचं "हब" नावाचं हॉटेल दिसलं की पुढे चला. त्या खोल्या दोघांच्या आणि अगदी चिमुकल्या असतात.

जुन्या घरांतली लहान हॉटेलं फोटोत देखणी दिसतात. इमारत दीडशे वर्षांची, जिना अरुंद, लिफ्ट नाही, आणि चौघांची खोली नेमकी चौथ्या मजल्यावर. "लोअर ग्राउंड" असं लिहिलेलं असेल तर ते तळघर समजा, खिडकीबाहेर भिंत असते. एसी बहुतेक ठिकाणी नसतो. बेळगावकराला वाटतं, लंडनला एसी कशाला? पण जुलै २०२२ मध्ये तिथे पारा ४० अंशांवर गेला होता, आणि ही घरं थंडी अडवायला बांधलेली आहेत. लिफ्ट, मजला, स्वतंत्र बाथरूम, या तीन गोष्टी लेखी विचारल्याशिवाय अशी जागा घेऊ नका. अलीकडच्या सहा महिन्यांतले अभिप्राय वाचा, जुने नकोत. मालक बदलला की सगळं बदलतं.

वायएचए (यूथ हॉस्टेल्स असोसिएशन) या संस्थेची वसतिगृहं नावाने तरुणांची असली तरी तिथे कुटुंबांसाठी बंद खोल्या मिळतात, वर-खाली पलंगांच्या. चार ते सहा जणांना एकाच खोलीत कायदेशीरपणे झोपता येईल अशा मोजक्या जागांपैकी ही एक. लंडनमध्ये सेंट पँक्रास आणि अर्ल्स कोर्ट या शाखा सोयीच्या. स्वयंपाकघर प्रत्येक शाखेत असतंच असं नाही, बुकिंगआधी बघा.

फिट्झरॉय स्क्वेअरवरचं इंडियन वायएमसीए भारतीयांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. संस्था १९२० पासूनची, जवळचं स्टेशन वॉरन स्ट्रीट. भारतीय जेवणाची खानावळ तिथेच. खोल्या साध्या. जेवण दरात धरलंय की वेगळं, हे विचारून घ्या.

विद्यापीठांची वसतिगृहं सुट्टीत भाड्याने देतात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची वसतिगृहं शोधून बघा. जागा मध्यभागात आणि दर्जाच्या मानाने स्वस्त. पण ती उपलब्ध होतात प्रामुख्याने उन्हाळ्यात, विद्यार्थी गेल्यावर, म्हणजे साधारण जून-जुलै ते सप्टेंबर. आपल्या एप्रिल-मेच्या सुट्टीत सहसा नाहीत, दसऱ्यालाही नाहीत. शिवाय बऱ्याच खोल्या एकट्याच्या असतात, म्हणून कॉलेजातली मुलं असलेल्या कुटुंबाला त्या जास्त सोयीच्या.

सहा जण असतील आणि मुक्काम पाच रात्रींहून जास्त असेल, तर स्वयंपाकघर असलेली जागाच परवडते. अपार्ट-हॉटेल म्हणजे हॉटेलचा काउंटर आणि खोलीत छोटी ओट्याची सोय. स्टेसिटी आणि सिटाडिन्स ही दोन नावं लंडनमध्ये ठिकठिकाणी आहेत. स्टेसिटीची ग्रीनिच-डेप्टफर्डकडची जागा डीएलआरवर पडते. खासगी फ्लॅट यापेक्षा स्वस्त दिसतो, पण अंतिम आकडा बघा: सफाईचे पैसे आणि साइटचं शुल्क शेवटच्या पानावर चढतं. दोन-तीन रात्रींसाठी सफाईचा बोजा जड जातो, आठ-दहा रात्रींवर पसरला की हलका.

फ्लॅटच्या बाबतीत एक कायदा माहीत हवा. ग्रेटर लंडनमध्ये परवानगीशिवाय पूर्ण घर वर्षाला ९० रात्रींहून जास्त अल्पमुदतीने देता येत नाही. मर्यादा संपली की वर्षाच्या उत्तरार्धात काही जण बुकिंग रद्द करतात किंवा "साइटबाहेर व्यवहार करू" म्हणतात. मालकाने "शेजाऱ्यांनी विचारलं तर आम्ही मित्र आहोत असं सांगा" असं लिहिलं, तर त्या घराला तशी परवानगी नाही हे समजून घ्या आणि निघा.

मुलगा किंवा मुलगी तिथे असेल तर

शिकायला गेलेल्या मुलाकडे राहू, हा बेत बहुतेक फसतो. विद्यार्थी निवासात पाहुण्याला फार तर दोन-तीन रात्रींची मुभा असते, तीही आगाऊ सांगून, आणि बिछाना एकच. भाड्याच्या घरात चार मुलं मिळून राहत असतील तर बाथरूम एक, आणि भाडेकराराच्या अटी वेगळ्याच. सहा जणांनी तिथे आठवडा काढला आणि घरमालकाला कळलं तर त्रास मुलाला होतो. त्यापेक्षा त्याच्या घरापासून चालत जाता येईल अशी जागा घ्या आणि जेवण त्याच्याकडे करा. नोकरी करणाऱ्या मुलीचं स्वतःचं घर असेल तर गोष्ट निराळी, तरी घरमालकाला कळवून परवानगी लेखी घ्यायला सांगा. व्हिसासाठी तिचं निमंत्रणपत्र जोडणार असाल तर त्यात कोण, किती दिवस, कोणत्या पत्त्यावर हे स्पष्ट हवं. पत्र एक आणि राहायची जागा दुसरीच, असा घोळ अर्जात करू नका.

बुकिंग कधी आणि कसं

सुट्टीतला प्रवास असेल तर पाच-सहा महिने आधी शोध सुरू करा. पहिलं बुकिंग नेहमी रद्द करता येणारं घ्या. ब्रिटनच्या व्हिसा अर्जात राहण्याचा पत्ता भरावा लागतो, पण पैसे परत न मिळणारं बुकिंग लागत नाही. व्हिसा नाकारला किंवा उशिरा आला तर स्वस्त दराचे पैसे बुडतात. व्हिसा हातात आला की त्याच हॉटेलचा रद्द न होणारा दर पुन्हा बघा. तो बराच उतरलेला असेल तर नवं बुकिंग करून मगच जुनं रद्द करा, उलट क्रमाने कधीच नाही.

रद्द करण्याची मुदत लंडनच्या घड्याळाची असते. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत भारत साडेचार तास पुढे, एरवी साडेपाच. तिथली मध्यरात्र म्हणजे मेमध्ये आपल्याकडे पहाटेचे साडेचार. तरीही शेवटच्या दिवसावर ढकलू नका.

पैसे भरताना साइट किंवा यंत्र विचारतं, "रुपयांत घेऊ की पौंडांत?" पौंडच निवडा. रुपयांचा दर त्यांच्या मर्जीचा असतो. आपल्या बँकेचं परकीय चलनाचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी धरला तर पौंडामागे चार-पाच रुपये जास्तीचे जातात, म्हणून हिशेब करताना बाजारभावात तेवढे आधीच मिळवा. कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या अॅपमधून चालू केले नसतील तर बुकिंग अडकतं, आणि कधीकधी हॉटेलला हजर झाल्यावर अनामत रक्कम घेतानाही.

फसवणुकीचे दोन प्रकार ओळखून ठेवा. एक, मध्यभागातला तीन खोल्यांचा फ्लॅट निम्म्या दरात, आणि मालक व्हॉट्सअॅपवर बँक खात्यात पैसे भरायला सांगतो. फोटो चोरलेले असतात. तेच फोटो आणखी कुठे वापरलेत का ते गूगलच्या चित्रशोधात बघा, पत्ता गूगलच्या रस्त्यावरच्या चित्रांत बघा, आणि साइटबाहेर एक पैसाही देऊ नका. दुसरा जास्त धोकादायक: बुकिंग खरं असतं, आणि काही दिवसांनी हॉटेलच्याच नावाने संदेश येतो, "२४ तासांत कार्ड पुन्हा तपासून घ्या, नाहीतर बुकिंग रद्द". त्या दुव्यावर कार्ड टाकलं की संपलं. असा संदेश आला तर हॉटेलच्या मूळ साइटवरचा नंबर शोधून फोन करा.

स्वयंपाक करणार असाल तर

ओटा इंडक्शनचा असेल तर घरचा अॅल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. इंडक्शनवर चालेल अशा स्टीलच्या बुडाचा दोन लिटरचा कुकर न्या, चेक-इन बॅगेत. इंग्लंडचे सॉकेट तीन चपट्या पिनांचे, आपले प्लग बसत नाहीत. अडॅप्टर दोन न्या आणि एक छोटी एक्स्टेंशन पट्टी. हॉटेलच्या साध्या खोलीत स्वतःची शेगडी किंवा इंडक्शन लावायचं नाही. धूर झाला, गजर वाजला की सगळी इमारत रस्त्यावर येते आणि दंड तुमच्या कार्डावर.

फ्लॅटमध्येही फोडणीचा धूर गजर वाजवतो. चिमणी पूर्ण वेगात, खिडकी उघडी, स्वयंपाकघराचं दार बंद, आणि तेल धुरावेपर्यंत तापवायचं नाही. गजराच्या यंत्रावर पिशवी बांधायची कल्पना कुणाच्या डोक्यात आली तर तिथेच थांबवा.

तांदूळ, डाळ, पीठ इथून वाहून नेण्यात अर्थ नाही, वेम्बली-साउथॉलला सगळं मिळतं. मेतकूट, चटण्या, भाजलेला मसाला न्या. बेळगावी कुंदा मात्र घरीच ठेवा. दूध आणि दुधाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, तुपाचंही तसंच, आणि ताजा कढीपत्ताही चालत नाही. कस्टमला सापडलं तर टाकून द्यावं लागतं.

पोहोचल्या दिवशी

खोली दुपारी दोन-तीनच्या आधी मिळत नाही, आणि भारतातून येणारी काही विमानं सकाळीच उतरतात. बहुतेक हॉटेलं बॅगा ठेवून घेतात, खासगी फ्लॅटमध्ये ती सोय सहसा नसते. सकाळच्या विमानाने जाणाऱ्यांनी निदान पहिली रात्र काउंटर असलेल्या जागेत ठेवावी. फ्लॅट असेल तर चावी कशी मिळणार, कोड कधी येणार, आणि कोड चालला नाही तर कुणाला फोन करायचा, हे बेळगावातून निघण्याआधी लिहून घ्या. विमानतळावर सिम सुरू व्हायला वेळ लागतो, म्हणून पत्ता, पोस्टकोड आणि फोन नंबर कागदावर, दोघांच्या खिशांत वेगवेगळे.

आत शिरल्यावर बॅगा उघडण्याआधी पलंग मोजा, गरम पाणी सोडून बघा, हीटर चालू करून बघा, दाराचं कुलूप तपासा. काही बिघाड किंवा डाग दिसला तर फोटो काढून साइटवरच्या संदेशातूनच मालकाला त्याच दिवशी पाठवा. फोनवर बोललेलं नंतर सिद्ध करता येत नाही, आणि अनामत रकमेवरून वाद झाला तर साइटवाले तेच संदेश बघतात. शौचालयात जेट नसतो, एक लहान तांब्या बॅगेत असू द्या.